धुऱ्यावरचं मांजर वाघाएवढं का दिसतं?

दिवाळीनंतर वर्धा जिल्ह्यातल्या वावरांत पऱ्हाटी कमरेच्या वर गेलेली असते आणि तूर माणसाच्या डोक्याला लागलेली. रोही आणि रानडुकरांपासून पीक राखायला माणसं रात्री जागलीला जातात. अशा एखाद्या रात्रीनंतर चहाच्या टपरीवर बातमी फुटते, की अमक्याच्या वावरात वाघ होता. केवढा होता म्हणून विचारलं की सांगणाऱ्याचा हात मांडीपाशी थांबतो. दुपारपर्यंत तोच हात कमरेवर येतो. मग वनरक्षक येतो, धुऱ्यावरचे ठसे पाहतो आणि सांगतो, हे रानमांजर आहे, फार तर सहा-सात किलोचं. ज्यानं पाहिलं तो चिडतो. त्याचं चिडणं मला रास्त वाटतं, कारण तो थापा मारत नसतो. त्याला ते जनावर खरोखरच तेवढं दिसलेलं असतं.

सहा किलोचं जनावर शहाण्यासुरत्या, रानाची सवय असलेल्या शेतकऱ्याला पन्नास किलोचं कसं दिसतं? आपला डोळा, टॉर्चचा उजेड, मोबाइलचा कॅमेरा आणि जुन्या शिकाऱ्यांचा टेप या सगळ्यांचा त्यात थोडाथोडा हात आहे.

हसून सोडून देता येत नाही

पुण्या-मुंबईत कोणी ‘वाघ दिसला’ म्हणालं तर लोक हसतील. सेलू, कारंजा (घाडगे) किंवा आष्टी तालुक्यात हसून चालत नाही, कारण इथे वाघ आहे. हिंगणीजवळच्या बोर धरणाभोवतीचं जंगल १९७० मध्ये अभयारण्य झालं आणि २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्प. त्याचा गाभा १३८ चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. देशातल्या सर्वांत लहान व्याघ्र प्रकल्पांत त्याची गणना होते. पेंच, ताडोबा, उमरेड-कऱ्हांडला या जंगलांमधून ये-जा करणाऱ्या वाघांना बोर वाटेत लागतं, आणि एवढ्याशा जागेत न मावणारा तरुण वाघ साहजिकच शेतांतून, नाल्यांच्या काठानं पुढे सरकतो. बिबट तर जंगलाबाहेरही राहतो.

म्हणजे एकाच धुऱ्यावर तीन वेगवेगळ्या मापांची मांजरं येऊ शकतात. रानमांजर, ज्याला बाऊलही म्हणतात, खांद्यापाशी जेमतेम सव्वा फूट उंच असतं. त्याचं वजन साधारण तीन ते आठ किलो, एखादा दांडगा बोका दहा-बारा किलोंपर्यंत जातो. बिबट खांद्यापाशी दोन-सव्वादोन फूट. मादी तीस-पस्तीस किलोंची, नर पन्नास ते सत्तरच्या घरात. पट्टेदार वाघ तीन-सव्वातीन फूट उंच, आणि नराचं वजन दोनशे किलोंच्या आसपास. आकड्यांत एवढी तफावत असताना गोंधळ व्हायचं कारण नाही, असं कागदावर वाटतं. पण आकडे दिवसाउजेडी, पट्टी लावून घेतलेले असतात. रात्री धुऱ्यावर पट्टी नसते.

डोळ्याला आकार दिसत नाही

हे वाक्य विचित्र वाटेल, पण अक्षरशः खरं आहे. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर जी प्रतिमा उमटते तिचा आकार वस्तूच्या खऱ्या आकारावर जितका अवलंबून असतो, तितकाच अंतरावरही. जवळची लहान वस्तू आणि दूरची मोठी वस्तू पडद्यावर सारखीच जागा व्यापू शकतात. वस्तू खरी केवढी हे ठरवायला मेंदूला आधी ती किती लांब आहे ते ठरवावं लागतं. हा हिशेब आपल्याला कळण्याआधी, आपोआप होतो. म्हणून तो हिशेब आहे असं वाटतच नाही, सरळ ‘दिसलं’ असं वाटतं.

रानमांजराचं अंग, शेपूट सोडून, सत्तर सेंटिमीटर धरू. ते वीस मीटरवर आडवं उभं असेल, तर हात लांब करून धरलेल्या अंगठ्याच्या रुंदीएवढं दिसेल. आता सव्वा मीटरच्या वर लांबीचा बिबट सदतीस मीटरवर उभा करा. तोही बरोबर तेवढाच, अंगठ्याएवढा. वीस आणि सदतीस मीटर, म्हणजे शेताच्या मधोमध की पलीकडच्या धुऱ्यावर. एवढाच फरक चुकला की बाऊलचा बिबट होतो.

दिवसा मेंदू सहसा अंतर चुकत नाही, कारण त्याच्याकडे पुरावे असतात. कापसाच्या ओळींमधलं अंतर ठाऊक असतं, बांधावरची बोर किती उंच ते ठाऊक असतं, मधे बंडी उभी असते, विहिरीचा कठडा असतो. लांब गेलेल्या ओळी एकमेकींजवळ येताना दिसतात, जवळची ढेकळं मोठी आणि लांबची बारीक दिसतात. दोन डोळ्यांना दिसणाऱ्या चित्रांतला बारीक फरकही मदत करतो, पण तो जवळच्या वस्तूंपुरताच. लांब गेलं की त्याचा उपयोग झपाट्यानं कमी होतो. रात्री यातलं जवळपास सगळं नाहीसं होतं. टॉर्चच्या झोतात जनावर तेवढं उजळतं, मधलं शेत काळंच राहतं. सोयाबीन निघालेल्या मोकळ्या काळ्या रानात तर दिवसासुद्धा ही अडचण येते. सपाट जमिनीवर मधे काहीच नसतं.

पुरावा नसला की मेंदू अंदाज करतो, आणि अंदाज सवयीनं होतो. आपण गुरांच्या, रोह्यांच्या, माणसांच्या मापाला सरावलेलो असतो. चार पायांचं, सावकाश चालणारं, मान खाली घातलेलं अंग दिसलं की ते त्या मापाचं असणार असं धरलं जातं. त्यात रानमांजराचे पाय अंगाच्या मानानं चांगलेच लांब. घरच्या मांजराचं माप डोळ्यासमोर आणून पाहिलं तर ते बसत नाही. पायच सांगतात, हे मांजर नव्हे. मग उरतं ते बिबट किंवा वाघ.

टॉर्चमधले दोन डोळे

रात्री जनावराआधी त्याचे डोळे दिसतात. मांजरकुळातल्या प्राण्यांच्या डोळ्यात पडद्याच्या मागे चकाकणारा एक थर असतो. आत आलेल्या उजेडातला जो भाग पडद्यानं टिपला नाही, तो या थरावर आपटून परत फिरतो आणि पडद्याला दुसऱ्यांदा संधी मिळते. थोडक्या उजेडात पाहायला हे फार उपयोगी. परत फिरलेल्यातला काही उजेड बाहेर येतो, आणि टॉर्च आपल्या कपाळाजवळ असेल तर तो थेट आपल्याच डोळ्यांत शिरतो. माणसाच्या डोळ्यात हा थर नाही, म्हणून आपले डोळे असे चमकत नाहीत.

आता एक गंमत. अंग लहान म्हणून डोळा त्याच प्रमाणात लहान होत नाही. घरच्या मांजराचा बुबुळासकट पूर्ण नेत्रगोल जवळपास बावीस मिलिमीटरचा असतो, तर माणसाचा चोवीसच्या आसपास. पाच किलोच्या प्राण्याचा डोळा साठ किलोच्या प्राण्याच्या डोळ्याएवढा! वाघाचा डोळा मोठा आहे, पण वजन जितक्या पटींनी जास्त तितक्या पटींनी मुळीच नाही. म्हणजे चमकणारे दोन डोळे पाहून अंगाचा अंदाज करणं हा फसण्याचा राजमार्ग. डोळे ठळक दिसतात, अंग काळोखात असतं, आणि मेंदू त्या डोळ्यांना साजेसं अंग स्वतःच जोडून देतो.

डोळ्यांत एक खूण मात्र उपयोगी पडते, जनावर पुरेसं जवळ असेल तर. झोत पडल्यावर रानमांजराची बाहुली आक्रसून उभ्या चिरेसारखी होते. बिबट आणि वाघाची बाहुली लहान झाली तरी गोलच राहते. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाचे मार्टिन बँक्स आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये दबा धरणाऱ्या शिकारी प्राण्यांच्या बाहुल्या तपासल्या, तेव्हा उभ्या चिरेच्या बाहुलीचे बहुतेक प्राणी खांद्यापाशी ४२ सेंटिमीटरपेक्षा बुटके निघाले. त्यांचं म्हणणं असं, की डोळे जमिनीलगत असले तर अंतराचा नेमका अंदाज घ्यायला उभी चीर जास्त कामाची ठरते. थोडक्यात, उंदरावर झेप घेणाऱ्या मांजराला अंतर चुकून चालत नाही.

धुकं आणि भीती

थंडीत पहाटे धाम किंवा बोर नदीच्या काठानं धुकं उतरतं. धुक्यातली वस्तू फिकट दिसते. आपल्याला अनुभवानं ठाऊक असतं की लांबच्या टेकड्या फिकट दिसतात, त्यामुळे फिकट वस्तू लांब आहे असं मेंदू धरतो. पण प्रतिमा मात्र जवळच्या वस्तूएवढी मोठी असते. लांब असून एवढी मोठी, म्हणजे वस्तूच मोठी असणार! धुक्यातला माणूससुद्धा राक्षसासारखा वाटतो तो याच कारणानं.

त्यात भीती मिसळते. कोळ्याला घाबरणाऱ्या माणसांना कोळ्याचा आकार अंदाजे सांगायला लावला, तर जितकी भीती जास्त तितका कोळी मोठा सांगितला जातो, हे मानसशास्त्राच्या प्रयोगांत आढळलेलं आहे. जागलीवरचा माणूस एकटा असतो, हातात टॉर्च आणि काठी, आणि मागच्याच आठवड्यात शेजारच्या गावात गाय मारल्याची बातमी असते. अशा वेळी रानमांजर बिबटाएवढं दिसणं ही भित्रेपणाची खूण नव्हे. जिथे खरा वाघ येऊ शकतो, तिथे लहानाला मोठं समजण्याची चूक मोठ्याला लहान समजण्यापेक्षा पुष्कळ स्वस्त पडते. निदान माणसाला तरी.

फोटो आहे म्हणून काय झालं?

हल्ली वाद मोबाइलवर सुटतो असं लोकांना वाटतं. सुटत नाही, वाढतो. झूम करून काढलेल्या फोटोत आजूबाजूचं रान कापलं जातं आणि माप ठरवायला लागणारे सगळे पुरावे त्याबरोबर जातात. उरतं ते चौकट भरून बसलेलं जनावर. चौकट भरली की ते मोठंच वाटतं.

ही फसगत मुद्दाम कशी करतात हे अमेरिकेत पाहायला मिळतं. तिथे आपल्या रानमांजरासारखाच मध्यम आकाराचा, पण त्याहूनही आखूड शेपटीचा बॉबकॅट नावाचा प्राणी आहे. पुष्कळ राज्यांत त्याची शिकार परवान्यानं कायदेशीर आहे, आणि टेक्सासमध्ये सर्वांत जड बॉबकॅट मारणाऱ्याला बक्षीस देणाऱ्या स्पर्धाही होतात. साहजिकच तिकडे ‘अगडबंब’ बॉबकॅटचे फोटो सतत फिरत असतात. नर बॉबकॅटचं सरासरी वजन दहा किलोंच्या आत आहे, आणि नीट वजन करून नोंदलेला सर्वांत मोठा बावीस किलोंच्या आसपास. फोटोंत मात्र तो चाळीस-पन्नास किलोंचा दिसतो. युक्ती सोपी आहे. शिकारी कॅमेऱ्यापासून दोन मीटरवर उभा राहतो आणि मेलेलं जनावर हात लांब करून साठ सेंटिमीटर पुढे धरतो. जनावर आता कॅमेऱ्यापासून एक मीटर चाळीस सेंटिमीटरवर आलं. दोनला एक पूर्णांक चारनं भागा: शिकाऱ्याच्या तुलनेत जनावर जवळजवळ दीडपट दिसणार. पाहणारा दोघांनाही एकाच अंतरावर समजतो, तिथेच फसतो. मासे धरलेल्या माणसांचे फोटो पुन्हा एकदा बघा.

  

शिकाऱ्याचा टेप

इंग्रजी अमदानीत वर्धा जिल्हा मध्य प्रांतात होता, आणि मध्य प्रांत म्हणजे वाघाच्या शिकारीचं माहेरघर. तिथे आकार हा प्रतिष्ठेचा प्रश्न होता. रोलंड वॉर्ड या लंडनच्या पेंढाकारानं १८९२ पासून मोठ्या शिकारींच्या मापांची नोंदपुस्तकं छापायला सुरुवात केली आणि दहा फुटी वाघ मारण्याची चढाओढ लागली.

वाघ मोजण्याच्या दोन पद्धती होत्या. पहिलीत मेलेला वाघ सरळ ताणून नाकाच्या टोकाशी एक खुंटी आणि शेपटीच्या टोकाशी दुसरी खुंटी ठोकत, वाघ बाजूला करत आणि खुंट्यांमधलं सरळ अंतर मोजत. दुसरीत टेप नाकापासून कपाळावरून, मानेवरून, पाठीच्या उंचवट्यांवरून अंगाला चिकटवत शेपटीपर्यंत नेत. अंगाला वळणं असतात, त्यामुळे दुसऱ्या पद्धतीत तोच वाघ चार-सहा इंचांनी, कधी त्याहूनही जास्त लांब भरे. टेप जरा ढिला धरला तर आणखी. कुठल्या पद्धतीनं मोजलं हे पुष्कळदा सांगितलंच जात नसे. बड्या साहेबांसाठी अकरा इंचांचा फूट असलेला खास टेप ठेवलेला असे, अशी थट्टाही तेव्हापासून चालत आली आहे.

जिम कॉर्बेटनं १९३० मध्ये मारलेला पवलगढचा प्रसिद्ध वाघ दहा फूट सात इंच होता, पण वळणावळणांवरून मोजून. उलट मध्य प्रांताच्या वनखात्यातले ए. ए. डनबार ब्रँडर हे खुंट्यांचा आग्रह धरणारे गृहस्थ. १९२३ साली आलेल्या त्यांच्या पुस्तकातले बेचाळीस नर वाघ सरासरी सव्वानऊ फूट भरले, तेही शेपूट धरून, आणि सरासरी वजन एकशे नव्वद किलो. शिकारकथांमध्ये ज्यांच्या गोष्टी ऐकतो त्या वाघांपेक्षा हे बरेच लहान आहेत. मला ब्रँडरसाहेबांचे आकडे जास्त विश्वासाचे वाटतात ते याच कारणानं. शिवाय वजनालाही एक खोड असते. वाघ बहुधा मारलेल्या गुरावर परत आला की मारला जाई, आणि वाघ एका बैठकीत तीस किलोंपर्यंत मांस खाऊ शकतो. तराजूवर वाघ चढे तो आतल्या हेल्यासकट.

पण एखादा खरोखरच दांडगा असतो

सगळाच भ्रम असतो असंही नाही. एकाच जातीत आकाराची मोठी तफावत असते. पहिलं कारण नर-मादी. मांजरकुळात नर बहुधा मादीपेक्षा ठळकपणे मोठा असतो. आईबरोबरची पिल्लं पाहून तयार झालेली सवय पूर्ण वाढलेल्या बोक्यापुढे चुकते.

दुसरं कारण थंडी. जर्मन शास्त्रज्ञ कार्ल बेर्गमान यानं १८४७ मध्ये दाखवलं, की एकाच घराण्यातले प्राणी थंड प्रदेशात साधारणतः मोठे असतात. अंग जितकं मोठं, तितकी आतल्या वस्तुमानाच्या मानानं बाहेरची कातडी कमी, म्हणून उष्णता कमी वाया जाते. सायबेरियातला वाघ सुमात्राच्या वाघाहून मोठा, कॅनडाच्या बाजूचा बॉबकॅट मेक्सिकोकडच्या बॉबकॅटहून मोठा. वर्ध्याच्या उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. इथल्या रानमांजराला अवाढव्य होण्यात काही फायदा नाही.

तिसरं कारण निव्वळ भूमितीचं, आणि ते स्वयंपाकघरात चटकन कळतं. लाडू वळताना प्रत्येक लाडवाची रुंदी फक्त दहा टक्क्यांनी वाढवा. बघणाऱ्याला फरक जाणवणारही नाही, पण परातीतलं मिश्रण ठरल्यापेक्षा कितीतरी आधी संपेल, कारण प्रत्येक लाडवात तेहतीस टक्के माल जास्त गेला. लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही वाढतात, म्हणून वजन तिहेरी वाढतं. सहा किलोच्या रानमांजरापेक्षा दहाच टक्के लांब-रुंद असलेला बोका आठ किलोंचा भरतो. उलट बाजूनं पाहिलं तर पन्नास किलोंचं ‘रानमांजर’ लांबीला दुप्पट हवं. तसं रानमांजर नसतं. तेवढं मोठं असेल तर तो बिबटच.

खायला मिळालं की अंग भरतं हेही खरं. ओलिताच्या शेतात, धान्याच्या गोदामाजवळ उंदीर-घुशींची चंगळ असते. थंडीत केस दाट आणि उभे राहतात, म्हणून तेच जनावर जानेवारीत जाडजूड आणि मे महिन्यात काटकुळं दिसतं.

चौकट: कोणतं मांजर?

आकार सोडून द्या, शेपूट बघा. रानमांजराची शेपूट आखूड, मागच्या पायाच्या घोट्यापर्यंत जेमतेम पोचणारी, टोकाला काळी आणि टोकाजवळ एक-दोन काळी कडी. बिबटाची शेपूट लांबलचक, चालताना टोक वर वळलेलं. रानमांजराचे कान उंच आणि टोकदार, बिबट-वाघांचे आखूड आणि गोल. मोठ्या रानमांजराच्या अंगावर ठिपके नसतात. रंग वाळल्या गवतासारखा, पायांवर पुसट पट्टे. पिल्लांच्या अंगावर मात्र पट्टे-ठिपके असतात, आणि तिथेच लोक त्यांना बिबटाचे बछडे समजून उचलून आणतात. आई बहुधा जवळच दबून असते. पिल्लं होती तिथेच राहू द्यावीत आणि वनखात्याला कळवावं.

मापाच्या चुकीत कोण मरतं

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं बाऊल, बिबट आणि वाघ या तिघांच्याही शिकारीला बंदी आहे. तत्पूर्वी आणि नंतरही काही वर्षं बाऊलच्या कातड्यांचा मोठा व्यापार होता. १९७९ मध्ये निर्यात बंद झाली तेव्हा व्यापाऱ्यांनी जाहीर केलेल्या साठ्यातच तीन लाखांहून जास्त कातडी होती. वाघाच्या कातड्याची बातमी होते, बाऊलची होत नाही. एवढी कातडी जमेपर्यंत कोणाच्या डोळ्यांवर आलं नाही.

आजचा धोका वेगळा आहे. रानडुकरांसाठी कुंपणाच्या तारेत थेट विजेच्या लाइनीतला करंट सोडतात, आणि तार माप बघत नाही. ब्रह्मपुरीकडे पकडलेली एक वाघीण २०१७ च्या जुलैअखेर गळ्यात रेडिओ कॉलर घालून बोरमध्ये सोडली होती. ती शेकडो किलोमीटर भटकली आणि ऑक्टोबरात कारंजा तालुक्यात अशाच तारेला चिकटून मेली. कुंपणाला लावायच्या झटका मशीनचं तत्त्व निराळं असतं. त्यात विजेचा क्षणभराचा ठोका सुमारे सेकंदाला एकदा येतो. जनावराला दणका बसतो, पण मधल्या वेळात ते सुटू शकतं. थेट लाइनीतला करंट सोडत नाही.

आणि रानमांजर मारून शेतकऱ्याच्या पदरात काय पडतं? एखाद-दोन कोंबड्या वाचतात. राजस्थानातल्या सरिस्कात झालेल्या अभ्यासात एक रानमांजर दिवसाला तीन ते पाच उंदीर खातं असा अंदाज निघाला. तीनच धरले तरी वर्षाला हजाराच्या वर. हरभऱ्याच्या शेतात घुशींची बिळं मोजलेल्या माणसाला हा आकडा वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

मोजायचंच असेल तर

जंगलात लावलेल्या कॅमेऱ्यांवरून संशोधक जनावराची उंची काढतात, तेव्हा ते फोटोकडे बघून अंदाज करत बसत नाहीत. जनावर ज्या जागेवरून गेलं, त्याच जागेवर नंतर मापाची काठी उभी करतात आणि त्याच कॅमेऱ्यानं पुन्हा फोटो काढतात. अंतर तेच, कॅमेरा तोच, म्हणून दोन फोटो एकमेकांवर ठेवले की उंची मिळते. अंतराचा प्रश्नच मिटतो.

हे वावरातही जमतं. जनावर दिसलं त्या क्षणी त्याच्या अगदी शेजारी काय होतं ते लक्षात ठेवायचं: कुंपणाचा खांब, ठिबकची नळी, तुरीचं झाड, मोटारीची पेटी. त्याची पाठ खांबाच्या कितव्या तारेला लागत होती? उजाडल्यावर दोघा-तिघांनी मिळून जायचं, जिथून पाहिलं तिथे एकानं उभं राहायचं आणि दुसऱ्यानं खांबापाशी टेप लावायचा. तार दीड फुटावर निघाली तर विषय तिथेच संपला. तीन फुटांवर निघाली तर मात्र ताबडतोब फोन करायचा.

ठसाही मदत करतो, पण त्यालाही खोड आहेच. ओल्या चिखलात पंजा फाकतो, ऊन लागलं की कडा ढासळून ठसा रुंदावतो, आणि मांजरं पुढच्या पायाच्या ठशावरच मागचा पाय टाकत चालतात, त्यामुळे दोन ठशांचा मिळून एक लांबट ठसा तयार होतो. म्हणून कोरड्या, बारीक मातीतला, सुटा आणि कडा धारदार असलेला ठसा निवडायचा. नखांच्या खुणा दिसल्या तर ते कुत्रं, कोल्हा किंवा तडस. मांजरं नखं आत ओढून चालतात. रानमांजराचा ठसा पाच-सहा सेंटिमीटरचा, बिबटाचा सात ते नऊ, मोठ्या नर वाघाचा तेरा आणि पुढे. शेजारी काडेपेटी ठेवून सरळ वरून फोटो काढावा, तिरका नको. मग ठशावर घमेलं पालथं घालून, त्यावर दगड ठेवून १९२६ या वनखात्याच्या क्रमांकावर कळवावं. बघायला आलेल्या गर्दीनं ठसा तुडवला, तर वनरक्षकाच्या हाती पुन्हा टपरीवरची गोष्टच लागते.